देवाशी भांडायला बंदी आहे का?

आमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये, खिडकीशेजारी विठोबाचा एक छोटा फोटो आहे. पहिल्या वर्षी ॲडमिशन घेतली तेव्हा माझ्या रूममेटच्या आईनं तो तिच्या बॅगेत घालून दिला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तो भिंतीकडे तोंड करून उभा आहे. सुट्टीत तिचा धाकटा भाऊ गेला. सतरा वर्षांचा होता, डेंग्यूचं निमित्त झालं. ती परत आली, बॅग खाली ठेवली, फोटो उलटा फिरवला आणि झोपली.

पुढच्या आठवडाभरात तिला बरेच जण भेटून गेले. कुणी म्हणालं, "देवाला जे आवडतात त्यांना तो लवकर नेतो." एक ताई म्हणाली, "मागच्या जन्माचं काहीतरी देणं असेल गं." कॅन्टीनमध्ये आमच्याच ग्रुपमधला एक हुशार मित्र म्हणाला, "मी सांगत होतो ना, देव वगैरे काही नसतं!" ती कुणालाच काही बोलली नाही. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की सगळ्यांनी आपापलं म्हणणं खरं करायला तिचं दुःख वापरून घेतलं.

देवाचा विषय निघाला की आपण एकच प्रश्न विचारतो: "तू मानतेस की नाही?" हो म्हणालात तर एका कप्प्यात, नाही म्हणालात तर दुसऱ्या. तिसरा कप्पाच नाही. मग फोटो उलटा फिरवणारी, पण फेकून न देणारी माझी मैत्रीण कुठल्या कप्प्यात बसते?

थोडं मागे जाऊन पाहिलं तर हे कप्पे फार कच्चे निघतात. साधा 'आस्तिक' हा शब्द घ्या. आज आपण तो देव मानणाऱ्यासाठी वापरतो. जुन्या भारतीय दर्शनांत आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा. त्यामुळे यज्ञाचं एवढं मोठं शास्त्र मांडणारे मीमांसक आस्तिक ठरतात, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांच्या मांडणीत लागतच नाही. सांख्यांचंही तेच. पुरुष आणि प्रकृती या दोन तत्त्वांवर ते जगाचा उलगडा करतात. खुद्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारत जातं आणि शेवटी म्हणतं, वरून पाहणाऱ्याला ते ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्यात ही शंका जशीच्या तशी ठेवलेली आहे. कुणी ती खोडून टाकली नाही.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत ईयोबाची गोष्ट आहे. बायबलच्या जुन्या करारात या नावाचं एक अख्खं पुस्तक आहे. सरळमार्गी माणूस, आणि त्याची मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं जातं. मित्र समजूत घालायला येतात. ते म्हणतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगाच शिक्षा करत नाही. ईयोब ऐकत नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. देव शेवटी बोलतो तेव्हा ईयोबालाही खडसावतो. पण खरा राग काढतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला! आमच्या रूमवर येऊन गेलेल्या मंडळींनी हे वाचायला हवं होतं.

आपल्या मराठीत तर देवाशी भांडणं ही घरातली गोष्ट आहे. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. तिचा विठोबा तिच्यासोबत दळतो, कांडतो, शेण गोळा करतो. अशा देवाला हात जोडावेत तसंच चार शब्द सुनवावेतही, आणि जनाबाईच्या अभंगांत दोन्ही आहे. तुकोबांच्या डोळ्यांसमोर १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात घर कोसळलं. त्यांच्या एका अभंगात ते सरळ सांगतात, की माझ्यापुरता देव मेला. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या पुस्तकातला वेडा माणूस भर बाजारात कंदील घेऊन देव मेल्याचं ओरडून सांगतो, ते पुस्तक १८८२ चं. तुकोबा त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीचे. अर्थात दोघांचं म्हणणं एक नाही. नीत्शे एका युगाची श्रद्धा संपल्याचं सांगतोय. तुकोबा रुसलेत. तेच तुकोबा दुसरीकडे त्याच विठोबाला आई म्हणतात. आपण रागावतो कुणावर? ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्यावर.

चोखोबांचं भांडण याहून कठीण होतं. ज्या देवावर जीव लावला त्याच्या देवळात पाऊल टाकायला त्यांना बंदी होती. विटाळ नेमका कुठून येतो आणि कुणाला होतो, हे चौदाव्या शतकातला हा माणूस आपल्या अभंगांतून विचारत राहिला. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. पंढरपूरला त्यांची समाधी आहे ती देवळाच्या दाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. मी गेले होते तेव्हा दर्शनाच्या घाईत बहुतेक जण तिथे डोकं टेकवून पुढे सरकत होते. मीही तेच केलं. ती समाधी आत का नाही, हा प्रश्न मला परतीच्या एसटीत पडला.

"भांडून काय होतं?" असं कुणी विचारेल. उत्तर पंढरपुरातच आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तिथे उपोषण केलं, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवत होते. शेवटी दार उघडलं. चोखोबांनी विचारलेल्या प्रश्नाला जवळजवळ सहाशे वर्षांनी मिळालेलं हे उत्तर. गुरुजी स्वतः श्रद्धावान होते. देव आहे की नाही यावर त्यांचा वाद नव्हता. तुमचा देव असा कसा, माणसाला बाहेर ठेवणारा, हा त्यांचा सवाल होता. आणि परमेश्वराला आता रिटायर करा, असं जाहीरपणे म्हणणारे डॉ. श्रीराम लागूही याच महाराष्ट्रातले. एकाला देव हवा होता, दुसऱ्याला नको होता. पण देवाच्या नावावर माणसाचं काय होतं, हे दोघांनीही पाहिलं.

आता आपल्याकडे बघा. परीक्षा जवळ आली की कॉलेजजवळच्या गणपतीला रांग लागते. केटी निघू दे, अकरा नारळ वाहतो. निघाली की स्टेटस, राहिली की देव बदल! दुसरीकडे, ग्रुपवर कुणी साधा प्रश्न विचारला तरी कुणाच्या तरी भावना दुखावतात आणि ॲडमिन मेसेज उडवायला लावतो. आपला देव एक तर व्यवहारातला झालाय, नाही तर काचेतला. हात लावाल तर फुटेल असा. ज्याच्याशी मनातलं बोलता येतं, वेळप्रसंगी कडाकडा भांडता येतं, तो कुठे गेला?

मी स्वतः काय मानते हे मला अजून नीट कळलेलं नाही. बाविसाव्या वर्षी कळायलाच हवं असंही नाही. पण एक कळलंय. पुढच्या वेळी कुणाच्या घरचं माणूस जाईल तेव्हा मी देवाची बाजू घेणार नाही आणि देव नसल्याचे पुरावेही देणार नाही. शेजारी बसेन. तिला ओरडायचं असेल तर ओरडू देईन, मग ते माझ्यावर असो की विठोबावर. आणि तुम्हीही मित्राला "मानतोस का?" असं विचारण्याऐवजी "कसला देव तुझ्या मनात आहे?" असं एकदा विचारून बघा. गप्पा रात्री दोनपर्यंत चालतील, गॅरंटी.

आमच्या रूममधला फोटो अजून उलटाच आहे. परवा झाडलोट करताना मी तो उचलून कपाटात ठेवायला लागले, तर ती एकदम म्हणाली, "राहू दे तिथेच. माझं त्याच्याशी अजून संपलेलं नाही."

मी तो पुसला आणि होता तसाच, भिंतीकडे तोंड करून, परत ठेवला.