दोन हिशेबांचा मोसम

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर बॅथर्स्ट नावाचं गाव आहे. गावाला लागून माउंट पॅनोरमा हा डोंगर, आणि त्या डोंगरावर चढून पुन्हा खाली उतरणारा एक रस्ता. एरवी या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. कडेला लोकांची घरं आहेत. त्याच रस्त्याने ते बाजारहाटाला जातात.

वर्षातले मोजके दिवस मात्र हा रस्ता वाहतुकीला बंद होतो. ऑक्टोबरमध्ये इथे १००० किलोमीटरची मोटार शर्यत भरते. एक फेरी ६.२१३ किलोमीटरची, अशा १६१ फेऱ्या. २३ वळणं, १७४ मीटरचा चढ-उतार, आणि परतीच्या लांब सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग. एका गाडीला दोन चालक, आलटून पालटून चालवणारे. सकाळी सुरू झालेली शर्यत संपायला सहा-सात तास लागतात.

तुमच्यापैकी अनेकांनी फॉर्म्युला वनच्या गाड्या टीव्हीवर पाहिल्या असतील. त्या जमिनीलगतच्या, उघड्या चाकांच्या. टूरिंग कारची शर्यत वेगळी. यातली गाडी बाहेरून तुमच्याआमच्या दारात उभी राहील अशीच दिसते. २००६ साली तिला चार दारं, डिकी, छप्पर असायचं. आतून मात्र ती पूर्ण वेगळी असायची: आठ सिलिंडरचं पाच लिटरचं इंजिन, ६०० हून जास्त अश्वशक्ती, आणि चाक घसरलं तर सांभाळून घेणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक मदत नाही. सांभाळायचं ते चालकाने. ऑस्ट्रेलियात या गाड्यांचा मोसम जवळपास वर्षभर चालतो. २००६ साली गावोगावच्या फेऱ्यांमधून गुण गोळा व्हायचे, आणि शेवटी सर्वाधिक गुणांचा चालक त्या वर्षाचा विजेता ठरायचा.

आज अशाच एका मोसमाची गोष्ट सांगतो. वर्ष २००६.

ती समजायला आधी एक घरगुती भांडण समजून घ्यावं लागेल. आपल्याकडे एके काळी काही घरं अँबेसेडरवाली असायची, काही फियाटवाली. स्कूटरची गोष्ट निघाली की बजाजवाल्यांना दुसरं काही चालायचं नाही. ऑस्ट्रेलियात हाच प्रकार दहापट. तिथे घर एक तर होल्डनवाल्यांचं असायचं, नाही तर फोर्डवाल्यांचं. आजोबा होल्डनवाले, म्हणून बाबा होल्डनवाले, म्हणून नातू होल्डनवाला. बॅथर्स्टच्या डोंगरावर लोक तंबू ठोकून राहायचे, तेही आपापल्या कंपनीचे झेंडे लावून. समोरच्या गटाचा चालक भिंतीला धडकला तरी टाळ्या पडायच्या.

होल्डनवाल्यांचा देव होता पीटर ब्रॉक. १९७२ ते १९८७ या काळात त्याने बॅथर्स्टची शर्यत ९ वेळा जिंकली. आजवर इतक्या वेळा ती दुसऱ्या कोणाला जिंकता आलेली नाही. १९७९ साली तर तो आणि जिम रिचर्ड्स दुसऱ्या क्रमांकाच्या तब्बल ६ फेऱ्या पुढे होते. इतका मोठा फरक असताना कोणीही शेवटची फेरी आरामात मारली असती. ब्रॉकने त्या शेवटच्या फेरीत वेगाचा विक्रम केला! लोक त्याला डोंगराचा राजा म्हणत.

त्याच्या गाडीचा क्रमांक होता ०५. हा आकडा शोभेचा नव्हता. त्याच्या व्हिक्टोरिया राज्यात चालकाच्या रक्तातल्या मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०५ टक्के होती. दारू पिऊन गाडी चालवू नका, हा निरोप लोकांपर्यंत पोचावा म्हणून तो आकडा गाडीवर आला आणि तिथेच राहिला. आपल्याकडची मर्यादा आणखी कडक, ०.०३ टक्के. पण तो आकडा पाठ असलेली माणसं आपल्यात किती निघतील? तिथे शाळकरी पोरांनाही ०५ चा अर्थ ठाऊक होता, कारण त्यांच्या लाडक्या चालकाच्या दारावर तो रंगवलेला असे.

याच ब्रॉकच्या सावलीत क्रेग लाउंड्स वाढला. १९९४ साली, विशीतला हा पोरगा बॅथर्स्टला पहिल्यांदा उतरला आणि थेट दुसरा आला. दोन वर्षांनी तो ब्रॉकच्याच संघात त्याच्या जोडीला होता, आणि त्याच वर्षी देशाचा विजेताही झाला. ब्रॉकने त्याला हाताशी धरून शिकवलं. गाडी कशी पळवायची हे तर शिकवलंच, शिवाय शर्यतीनंतर रांगेत ताटकळलेल्या शेवटच्या पोरालासुद्धा सही कशी द्यायची, तेही.

मग २००१ साली लाउंड्स फोर्डकडे गेला. होल्डनवाल्या घरांमध्ये हे गद्दारीच्या बरोबरीचं होतं. कालपर्यंत ज्याच्या नावाने आरोळ्या उठायच्या, त्याच्यावर त्याच तोंडांनी शिव्या सुरू झाल्या.

आता २००६ कडे येऊ. मार्चमध्ये ॲडलेडहून मोसम निघाला. पुढे न्यूझीलंड, टास्मानिया, अगदी आखातातल्या बहरीनपर्यंत त्याची वाट होती. फोर्डकडून लाउंड्स जोरात होता. समोर होल्डनचा रिक केली, वय अवघं २३. मिल्डुरा गावचा हा तरुण. त्याचा मोठा भाऊ टॉडही याच शर्यतींत होता. मोठे विजय रिकच्या वाट्याला कमी आले, पण गुण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आले. गाडी मोडायची नाही, डोकं तापवायचं नाही, पाचवा तर पाचवा, पण शर्यत पूर्ण करायची. वर्गात कधी पहिला न येणारा, पण कोणत्याही विषयात न घसरणारा मुलगा असतो ना, तसा.

८ सप्टेंबरला शुक्रवार होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका रॅलीत पीटर ब्रॉकची गाडी झाडावर आदळली आणि ६१ वर्षांचा ब्रॉक जागीच गेला. सगळा देश हादरला. मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. एका मोटार चालकासाठी!

बॅथर्स्टची शर्यत होती ८ ऑक्टोबरला. बरोबर एक महिन्याने. विजेत्याला यंदापासून पीटर ब्रॉक करंडक मिळेल असं जाहीर झालं. शर्यतीआधी ब्रॉकच्या आठवणीतल्या गाड्यांची फेरी निघाली, आणि एरवी शिट्ट्या-भोंग्यांनी दणाणणारा डोंगर गप्प उभा राहिला. त्या दिवशी झेंडे दोन रंगांचे होते, डोळे मात्र एकाच रंगाचे.

त्या शनिवार-रविवारवर आणखी एक सावली होती. शुक्रवारी पूरक शर्यतीत जबर जखमी झालेला न्यूझीलंडचा चालक मार्क पोर्टर रविवारी मरण पावला. या खेळात काय पणाला लागलेलं असतं, हे कोणाला नव्याने सांगायची गरज उरली नव्हती.

शर्यत सुरू होताच पहिल्या ओळीतल्या मार्क स्कैफची गाडी क्लचने दगा दिल्यामुळे रेंगाळली आणि मागून येणारी गाडी तिच्यावर आदळली. होल्डनच्या सर्वांत मोठ्या खेळाडूची शर्यत पहिल्याच फेरीत संपली. मग सहा-सात तासांचा तो चढ-उतार. शेवटच्या टप्प्यात पुढे होता लाउंड्स, आणि त्याच्या अगदी मागे होता रिक केली. मोसमात गुणांसाठी झगडणारे हेच दोघे. मागच्या गाडीने प्रत्येक वळणावर पुढच्या गाडीच्या आरशात डोकावावं, अशा त्या फेऱ्या होत्या. शेवटी एका सेकंदाहूनही कमी फरकाने लाउंड्स आणि त्याचा जोडीदार जेमी व्हिनकप जिंकले. होल्डनच्या देवाचा पहिला करंडक फोर्डच्या गाडीने उचलला.

आणि डोंगरावर काय झालं? होल्डनवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. पाच वर्षं ज्याला गद्दार म्हटलं, तो गाडीतून उतरून हमसाहमशी रडत होता, आणि त्याला पाहून लाल झेंडेवालेही डोळे पुसत होते. गुरूच्या नावाचा करंडक शिष्याच्याच हातात आला, याहून योग्य शेवट कोणाला सुचला नसता.

पण मोसम तिथे संपला नव्हता. आणि म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटते.

डिसेंबरमध्ये फिलिप आयलंड. मोसमाची शेवटची फेरी, तिच्यातली शेवटची शर्यत. गुणांमध्ये दोघे इतके जवळ होते की जो दुसऱ्याच्या पुढे राहील, तोच वर्षाचा विजेता. सुरुवातीच्याच धांदलीत रिकच्या गाडीचा धक्का लाउंड्सच्या गाडीला मागून लागला. लाउंड्सची गाडी गरकन फिरली, आणि त्या गोंधळात तिची टॉड केलीच्या गाडीशीही टक्कर झाली. म्हणजे एका भावाने ढकललं, दुसऱ्या भावाने ठोकलं! मुद्दाम, असा पुरावा नाही. पण टीव्हीसमोर बसलेल्या फोर्डवाल्यांना हे कोण समजावणार?

पंचांनी रिकला दोषी ठरवून शिक्षा दिली: शर्यत चालू असताना पिटच्या गल्लीतून मंद वेगाने जाऊन यायचं. यात बराच वेळ जातो. पण लाउंड्सच्या गाडीचं स्टीअरिंग वाकलं होतं. शिक्षा भोगूनही रिक पुढे राहिला, आणि वाकडं चाक घेऊन लाउंड्स मागे. विजेता रिक केली. लाउंड्सच्या संघाने दाद मागितली. निकाल कायम राहिला.

त्या रात्रीपासून ऑस्ट्रेलियात वाद सुरू झाला, तो अजूनही चहाच्या टेबलावर निघतो. एक बाजू म्हणते, चूक करणाऱ्याला शिक्षा झाली खरी, पण नुकसान भरून निघालं नाही. दंड भरून चोरीचा माल ठेवू दिला तर तो न्याय कसला? दुसरी बाजू म्हणते, विजेता एका धक्क्याने ठरत नाही. मार्चपासून डिसेंबरपर्यंत जो सातत्याने गुण जमवत आला, तो रिक होता. नियम आधीच लिहिलेले होते, शिक्षा त्या नियमांतली होती, ती त्याने भोगली. आणखी काय हवं?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आणि गंमत बघा, ब्रॉकच्या नऊ विजयांतला नववा, १९८७ सालचा, रस्त्यावर ठरलाच नव्हता. त्या दिवशी तो तिसरा आला होता. त्याची स्वतःची गाडी तर लवकर बंद पडली होती. नियमाप्रमाणे तो संघाच्या दुसऱ्या गाडीत बसला. पुढच्या दोन फोर्ड गाड्या नियमबाह्य ठरल्या आणि विजय कागदावर त्याच्याकडे आला. त्यावर आज कोणी नाक मुरडत नाही. नऊ म्हणजे नऊ. म्हणजे टेबलावरचा निकाल आपल्या माणसाच्या बाजूने लागला की तो न्याय, आणि विरुद्ध लागला की अन्याय. हा काही फक्त ऑस्ट्रेलियाचा स्वभाव नाही. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय आल्यावर आपल्या दिवाणखान्यात काय चालतं, ते आठवा.

माझ्या मते हा मोसम एकाच वेळी दोन हिशेब ठेवतो. पहिला हिशेब गुणांचा. तो कोरडा असतो, आणि तसाच असायला हवा. कोण कोणाचा शिष्य, कोणाचे डोळे भरून आले, हे तो विचारत नाही. विचारायला लागला तर उद्या प्रत्येक पंच आपल्या मनाप्रमाणे विजेता ठरवेल. त्या हिशेबाने रिक केली विजेता आहे, आणि त्याचं यश भेटीदाखल मिळालेलं नाही. दर फेरीत गाडी शाबूत घरी आणणं हे दिसायला साधं काम, पण वर्षभर ते जमणारे थोडेच.

दुसरा हिशेब आठवणीचा. तो कोणी लिहून ठेवत नाही, पण पुसलाही जात नाही. बॅथर्स्टच्या त्या एका संध्याकाळी दोन पिढ्यांचं वैर काही वेळ विरघळलं, ते त्यात जमा आहे. लाउंड्सने आधी ३ वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं होतं. त्यानंतर ते त्याला कधीच मिळालं नाही. बॅथर्स्ट मात्र त्याने एकूण ७ वेळा जिंकलं. लोक त्याला आज त्या डोंगरासाठीच ओळखतात.

ज्या झेंड्यांसाठी घरं भांडली, त्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. फोर्डने २०१६ साली आणि होल्डनने २०१७ साली ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं थांबवलं. २०२० साली होल्डन हे नावच बंद करायचं ठरलं. कारखाने गेले, तंबूंवरच्या होल्डनच्या झेंड्यांना मागे कंपनी उरली नाही. डोंगर आहे, शर्यत आहे, आणि दर ऑक्टोबरला विजेत्याच्या हातात ब्रॉकचा करंडक आहे.

आपल्या घरात मुलं शाळेच्या स्पर्धेतून कधी हिरमुसून येतात. चांगलं खेळूनही हरलेली असतात, किंवा जिंकूनही कोणी कौतुक केलेलं नसतं. तेव्हा ही गोष्ट सांगून बघा. २००६ च्या विजेत्यांच्या यादीत रिक केली हे नाव आहे. ब्रॉक करंडकावर पहिली नावं आहेत क्रेग लाउंड्स आणि जेमी व्हिनकप. कोणतंही खोडायची गरज नाही.