काशीचे सोन्याचे मांजर

मांजराला थुंकता येत नाही. त्याच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. हाडावरचे मांस खरवडून काढायला आणि अंग विंचरायला त्यांचा उपयोग. जिभेवर एखादा दोरा आला की मांजर तो झटकायला जीभ हलवते, आणि जीभ हलली की दोरा आणखी आत सरकतो. तेव्हा ‘हावरट मेले, काहीही गिळते’ असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या केराच्या डब्यात डोकवावे. मांजर शिवणकाम करत नाही, गजरे माळत नाही आणि मासळी बाजारात काळी पिशवीही मागत नाही.

मीरा-भाईंदर हे आठ लाखांवर वस्तीचे शहर. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका आली. त्याआधी ही गावे होती, मिठागरे होती, उत्तन, पाली, चौकचे कोळीवाडे होते. मासळीच्या पाटीभोवती मांजर तेव्हापासूनच आहे. मग टॉवर उभे राहिले आणि मांजर पार्किंगमध्ये, जिन्याखाली, पंपाच्या खोलीमागे राहू लागले. आपण त्याच्या जागेवर राहायला आलो, हे कोणत्याही फ्लॅटच्या करारनाम्यात लिहिलेले नसते.

आता रविवारची दुपार घ्या. भाईंदरच्या बाजारातून बांगडे आणले, साफ केले आणि डोकी, कल्ले, आतडी त्याच काळ्या पिशवीत बांधून डब्यात टाकली. ओल्या-सुक्याची वर्गवारी कायद्याने २०१६ पासून बंधनकारक आहे. पण ती सफाई कामगाराने करावी, त्यासाठी तर त्याला पगार मिळतो, असा आपला समज आहे. रात्री मांजर पिशवी फाडते. माशाचे पाणी प्लास्टिकला लागलेले असते. चाटता चाटता तुकडे पोटात जातात. राज्याने या पिशव्यांवर २३ मार्च २०१८ रोजी बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. कोळीण म्हणते, पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक पुढे जाते. ती खोटे बोलत नाही. पर्सबरोबर कापडी पिशवी नेण्याची लाज गिऱ्हाइकाला वाटते, तिला नाही.

आणि नुसती पिशवीच कशाला? संक्रांतीला नायलॉनचा मांजा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घालूनही येतो. राखी पौर्णिमेनंतर मनगटावरच्या राख्या कुठे जातात, ते राखी बांधणाऱ्या बहिणीलाही ठाऊक नसते. गणपती गेले की मखराची चमकी आणि जिलेटिनच्या झालरी जिन्यात लोळत असतात. दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेपट्या. रोजचे म्हणाल तर गजऱ्याचा दोरा, केसांची रबरे, दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला कोपरा. घरी बसून मणी ओवणाऱ्या, फॉल-बिडिंग करणाऱ्या बायकांच्या घरात सुईसकट दोरा पलंगाखाली जातो. उत्तनच्या किनाऱ्यावर जाळ्याचे तुकडे आणि आमिषाचा वास लागलेले गळ. आपला प्रत्येक सण मांजराच्या आतड्यात काही ना काही ठेवून जातो, आणि आपण त्याला संस्कृती म्हणतो.

दोरा आत गेल्यावर काय होते ते नीट ऐका, कारण पुढचा सारा घोटाळा इथेच होतो. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे सरकते. आतडे आपल्या सवयीप्रमाणे पुढे ढकलत राहते. दोरा मात्र जागचा हलत नाही. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात, तशा आतड्याला पडतात. ताणलेला दोरा आतल्या बाजूने कापू लागतो. भोके पडली की घाण पोटाच्या पोकळीत उतरते आणि मग शस्त्रक्रिया करूनही जनावर वाचेलच असे नाही. हे एका दिवसात घडेल किंवा चार दिवसांत. या काळात मांजर ओरडून सांगत नाही. ते कपाटाखाली जाऊन बसते, उलट्या करते, लाळ गाळते, खाणे सोडते. घरातले म्हणतात, रुसली आहे.

आता आपले उपचार पाहा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचे टोक दिसले की पहिला शहाणा पुढे होतो आणि ओढतो. आत चुण्या पडलेले आतडे त्या एका झटक्यात फाटू शकते. दोरा दिसला तर ओढायचा नाही. मांजर पंजा मारून स्वतः ओढणार नाही, एवढे पाहायचे आणि दवाखाना गाठायचा. दुसरा शहाणा मोबाइलवर आलेला निरोप वाचून मिठाचे पाणी पाजतो. मिठाने उलटी होईलच असे नाही. रक्तातले क्षार बिघडून झटके मात्र येऊ शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराच्या जठराला जखमा करते. उलटी करवायचीच असेल तर ती डॉक्टर औषध देऊन करवतो, तीही गिळलेली वस्तू कोणती ते पाहून. सुई किंवा सेल गेला असेल तर तीच उलटी अन्ननलिका फाडते. तिसरा शहाणा सर्वांत दयाळू. मांजर कण्हते म्हणून तो पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी दुधात विरघळवतो. माणसाचे यकृत ते औषध निकामी करते, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. रक्त प्राणवायू वाहायचे थांबते, हिरड्या तपकिरी पडतात, आणि दोऱ्याने न मेलेले मांजर दयेने मरते.

चौथ्याला मी सर्वांत जास्त दोष देतो, कारण तो काहीच करत नाही. ‘जनावराची जात, आपोआप बरे होते.’ दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते, आणि मूळ आजार बाजूला राहून दुसराच जिवावर उठतो. घड्याळाचा बटनसेल गिळला असेल तर अन्ननलिकेत रासायनिक भाजणे काही तासांत सुरू होते. तिथे ‘उद्या सकाळी बघू’ याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

करायचे ते फार अवघड नाही. काय गिळले, कधी गिळले ते लिहून घ्या. त्याच वस्तूचा उरलेला तुकडा, औषध असेल तर पाकीट, सोबत न्या. डॉक्टरला विचारल्याशिवाय दूध, तेल, केळे, भात काही चारू नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे बरे. धातू, हाड एक्स-रेत दिसते. दोरा, प्लास्टिक, कापड बहुधा दिसत नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला आणि उलट्या थांबल्या नाहीत, तर सोनोग्राफीबद्दल विचारा. डॉक्टर जिभेखाली पाहील. पाहिले नाही तर नम्रपणे आठवण करून द्या.

इतकी साधी गोष्ट आपल्याला का जमत नाही? माझ्या मते अज्ञान हे वरवरचे कारण. खरे कारण आपल्या दयेच्या घडणीत आहे. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे आपण आजीकडून ऐकले. त्या गोष्टीत मेलेल्या मांजराला काय मिळाले, असे एकाही नातवाने विचारले नाही. प्रायश्चित्त हे मारणाऱ्याच्या सोयीसाठी असते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तर मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारणाऱ्याने शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे असे सांगितले आहे. यात मांजराचा मान वाढला असे ज्याला वाटेल, त्याने माणसाचा किती उतरला ते पाहावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळला गेला. पाप-पुण्याची खतावणी लिहिणारे मन मात्र शाबूत राहिले. ते आता इमारतीच्या गेटबाहेर प्लास्टिकच्या ताटलीत दूध ओतते, पुण्याच्या रकान्यात एक आकडा मांडते आणि ताटली तिथेच टाकून वर जाते. त्या दुधाने पोट बिघडले, ती ताटली मांजराने चघळली, तर तो आकडा कोणी खोडत नाही.

आपल्याच संतांच्या कथा याच्या उलट आहेत. एकनाथांनी रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. यात्रेचे पुण्य बुडाले तर बुडाले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कीर्तनात या कथांना माना डोलतात. कीर्तन संपले की प्रसादाचे द्रोण, थर्माकोलच्या वाट्या, चमचे मंडपामागे ढीग होऊन पडतात, आणि त्या ढिगावर पहिले कोण पोहोचते ते मंडपवाल्याला विचारा.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघतो, तेव्हा दोन तट पडतात. एक म्हणतो मांजरे हटवा, दुसरा म्हणतो चारा-पाणी आमचा हक्क. सोसायटीच्या आवारातल्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था रहिवाशांच्या संघटनेने करावी, असे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. राज्यघटनेच्या ५१ अ कलमात प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. ही कलमे दोन्ही तटांना पाठ असतात, एकमेकांना फेकून मारायला. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण बसवायचा ठराव मात्र दोघांपैकी कोणी मांडत नाही, कारण त्यात जिंकण्यासारखे काही नाही.

कायदाही आपल्याला शोभेल असाच आहे. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. बंदी घातलेली पिशवी बाळगली तर पाच हजार. तीच पिशवी ज्याच्या पोटात गेली त्याचा छळ केला तर पन्नास. साठ वर्षांहून अधिक काळ तोच राहिलेला हा पन्नासचा आकडा बदलावा म्हणून मीरा रोड स्टेशनबाहेर कोणी बसले आहे, असे मी पाहिलेले नाही.

‘मांजरावर कोणी इतका खर्च करते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या पार्किंगमध्ये बहुधा दोन गाड्या असतात. शस्त्रक्रिया महाग असते, हे खरे. ज्याला परवडत नाही त्याच्यावर माझा रोख नाही. परळला सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावे उभारलेले जनावरांचे रुग्णालय आहे, मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ट्रॅक्टर नव्हते, मोटारी नव्हत्या, बैल-घोड्यांवर मुंबई चालत होती, तेव्हाचे ते. एका पारशी श्रीमंताला एकोणिसाव्या शतकात जे सुचले, ते भाईंदरच्या खाडीकाठी इमल्यांवर इमले चढवणाऱ्यांना सुचायला काय हरकत होती? क्लब हाउस सुचले, जलतरण तलाव सुचला, प्रत्येक संकुलाच्या दाराशी देऊळ सुचले. रात्री दोन वाजता भूल देणारा डॉक्टर हजर असेल असा जनावरांचा दवाखाना वर्गणी काढून चालवावा, हे एका तरी मंडळाने या वर्षी ठरवावे. डीजेचा खर्च एक वर्ष तिकडे वळवला तर सुरुवात होईल.

तोवर जवळच्या पशुवैद्याला आजच फोन करून विचारा, की रात्री तुम्ही नसाल तर आम्ही कुठे जायचे. नंबर फ्रीजवर चिकटवा. गजऱ्याचा दोरा फुले सुकल्यावर कात्रीने बारीक तुकडे करून टाका, मासळीची आतडी डब्यात उघडी ठेवू नका, औषधे टेबलावर नकोत, आणि शिवणाच्या डब्याला झाकण नसेल तर आधी ते आणा.