संसाराचा वेष

काळेवाडींत आमच्या एका स्नेह्यांचें बिऱ्हाड आहे. चातुर्मासांत त्यांच्या घरीं रात्रीं पोथी चाले. यंदा ती जागा एका परदेशी मालिकेनें घेतली, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. 'दि अमेरिकन्स' हें तिचें नांव. इ. स. २०१३ ते २०१८ या काळांत सहा पर्वांत मिळून तिचे ७५ भाग झाले, म्हणजे मालिका नवी नव्हे. परंतु तिच्यापायीं त्या घरांत जो वाद माजला तो अगदीं ताजा होता.

कथा अशी. १९८१ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या उपनगरांत फिलिप व एलिझाबेथ जेनिंग्ज हें जोडपें प्रवासकचेरी चालवीत असतें. पेज व हेन्री हीं त्यांचीं मुलें. नवराबायको दोघेंही सोव्हिएट हेर आहेत. लग्न जमविलें तें वरिष्ठांनीं, आणि पूर्वायुष्याविषयीं एकमेकांशीं अवाक्षर काढावयाचें नाहीं ही अट. आपल्याकडे निदान पत्रिका तरी पाहात! अशा लग्नांतही पुढें खरी माया उत्पन्न होते. किंबहुना कित्येक वर्षांनीं हीं दोघें एका रशियन धर्मगुरूपुढें गुपचूप पुन्हां लग्न करतात.

पहिल्याच भागांत फिलिप सुचवितो कीं, आपण अमेरिकेसच मिळावें. एलिझाबेथ तें साफ धुडकावते. आमच्या यजमानीणबाईंनीं फिलिपला तत्काळ घरभेदी ठरविलें. सूनबाई म्हणाल्या, "आई, मुलांचें घर मोडूं नये एवढेंच तो मागतो आहे." यानंतर रोज दोन पक्ष पडूं लागले. आमचें मत फिलिपकडे झुकतें. तें आम्हीं तेथें बोलून दाखविलें नाहीं, कारण चहा अद्याप यावयाचा होता.

कौटिलीय अर्थशास्त्रांत हेरांचे जे प्रकार आहेत त्यांत 'गृहपतिक' असा एक आहे: उपजीविका बुडालेला शेतकरी, राजानें दिलेल्या जमिनीवर घरदार मांडून राहिलेला. पुढें 'उभयवेतन', म्हणजे दोहोंकडून पगार घेणारा, येतो. त्याचीं बायकामुलें आधीं आपल्या ताब्यांत ठेवावीं व मग त्यास शत्रूच्या चाकरींत धाडावें, असा त्या निष्ठुर पुरुषाचा सल्ला. मॉस्कोच्या वरिष्ठांनीं नेमकें उलटें केलें. मुलें शत्रूच्या भूमीवर जन्मूं दिलीं, तेथल्या शाळेंत घातलीं. म्हणजे ओलीस दिले ते अमेरिकेच्या हातीं! ही एक चूक पत्करल्यावर फिलिपसारखा मनुष्य निपजला नसता तरच नवल.

हें सगळें कल्पित आहे असेंही नाहीं. मालिकेचे कर्ते जो वाइसबर्ग स्वतः अमेरिकेच्या गुप्तहेरखात्यांत होते. जून २०१० मध्यें अमेरिकेंत असे दहा रशियन हेर पकडले गेले व जुलैंत व्हिएन्ना येथें त्यांची अदलाबदल झाली. त्यांपैकीं बॉस्टनजवळ राहणाऱ्या एका दांपत्याचीं मुलें टोरोंटोंत जन्मलेलीं. धाकट्याचें नागरिकत्व कॅनडानें नाकारलें. आईबाप परकीय सरकारचे चाकर होते, हें कारण. डिसेंबर २०१९ मध्यें तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें तें त्याचेंच असल्याचें कायम केलें. न्यायालय नागरिकत्व देतें. परंतु वीस वर्षें ज्या नांवानें आईला हाक मारली जात होती तें नांव खोटें निघाल्यावर मुलानें काय करावें, हें कोणत्या न्यायालयास विचारावें?

काळेवाडींत असल्या प्रश्नांस थोडा वेगळा अर्थ येतो. पवनेकांठच्या या वस्तींत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या आधारानें बाहेरगांवाहून आलेलीं घरें पुष्कळ. "गांव कोणतें?" म्हणून विचारलें तर आजोबा एक नांव सांगतात, नातू "काळेवाडी" म्हणून मोकळा होतो. यांत लपवाछपवी नाहीं, म्हणून दोन्ही उत्तरें एका पंगतीला सुखानें बसतात. जेनिंग्जांच्या घरांत तेवढी सोय नव्हती. थोरल्या पेजला आईबापांचें खरें रूप कळतें तें ती पंधरासोळा वर्षांची झाल्यावर, तीच हट्टानें विचारते म्हणून.

शेवटचा भाग आम्हीं सर्वांनीं मिळून पाहिला. धाकट्या हेन्रीला मागें ठेवून तिघेंजण वेषांतर करून आगगाडीनें कॅनडाकडे निघतात. सरहद्दीच्या स्टेशनांत गाडी हलते, आणि खिडकींतून आईस दिसतें कीं, पेज फलाटावर उभी आहे. हांक मारण्याची सोय नाहीं.

यजमानीणबाई एवढे दिवस एलिझाबेथच्या बाजूच्या. त्या दिवा लावण्यासाठीं उठल्या आणि बटणाशींच थांबून सुनेला म्हणाल्या, "आतां ही पोर राहील कोणाकडे ग?"