साखळींतला कुत्रा व धन्याचें कर्तव्य

शेतवस्तीच्या राखणीस थोराड जातीचा कुत्रा असावा, ही हौस आपल्या बागायतदार वर्गांत बरीच दिसते. कोणी कारवान किंवा मुधोळी पाळतो, कोणी जर्मन शेफर्ड आणवितो. पिलाची किंमत मोजतांना हात आखडत नाहीं. परंतु तेंच पिलूं वर्षाचें झालें म्हणजे विहिरीजवळच्या झाडास जखडलें जातें, आणि दोन वेळां भाकरी टाकली कीं आपलें कर्तव्य संपलें असें धन्यास वाटतें. आमच्या मतें हा समज अत्यंत घातक आहे.

असा कुत्रा रात्रभर अकारण भुंकतो, ठिबकच्या नळ्या कुरतडतो, झाडांचीं आळीं उकरतो, आणि एखादे दिवशीं साखळी तुटली तर शेजाऱ्याचें करडूं धरतो. भरपाई द्यावी लागते ती लागतेच, वर शेजारधर्म बिघडतो. शेवटीं ‘ही जातच वाईट’ असें ठरवून त्यास दूर कोठें तरी सोडून देण्यांत येतें. वास्तविक दोष बहुधा जातीचा नसून खर्च न झालेल्या शक्तीचा असतो.

कारवान व मुधोळी हे कुत्रे मुळांत शिकारीमागें धावण्यासाठींच जोपासलेले आहेत. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर व तीक्ष्ण दृष्टि हीं सारीं लक्षणें त्याच कामाचीं होत. टपाल खात्यानें २००५ सालीं कुत्र्यांच्या चार जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळीस मान मिळाला. आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें सशाची शिकार गुन्हा आहे, व तें योग्यच आहे. परंतु काम गेलें म्हणून कामाची ओढ गेली नाहीं. बिनकामाचा बैल दावणीस माजतो हें आपण जाणतों. तोच न्याय येथें लावावा.

कायदाही हेंच सांगतो. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचें ११ वें कलम पाहावें. नित्य बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम देण्यांत मालकानें हयगय करणें, तसेंच कोणतेंही जनावर अति आखूड वा अति जड साखळीनें गैरवाजवी वेळ बांधून ठेवणें, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये इतकाच. परंतु दंड थोडा म्हणून कर्तव्य थोडें होत नाहीं.

‘आम्हांस वेळ कोठें आहे?’ हा आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. त्याचें उत्तर हिशेबानेंच द्यावें. पांच एकरांचें चौरस शेत धरलें तर त्याचा बांध सुमारें ५७० मीटर भरतो. सकाळीं चार व संध्याकाळीं तीन फेऱ्या घातल्या कीं चार किलोमीटर होतात. हद्दीची खूण हलली काय, रानडुकरांनीं कुंपण मोडलें काय, पाणी वायां जातें काय, हें पाहण्यास धन्यास बांधावरून फिरावें लागतेंच. कुत्रा सोबत घेतला म्हणजे एका खेपेंत दोन कामें होतात.

केवळ चालण्यानें तरणा कुत्रा दमत नाहीं. कुंपणाच्या आंत जुन्या दोराची गांठ फेकून ती परत आणण्यास त्यास शिकवावें. भाकरीचे तुकडे कडब्याच्या गंजीभोंवतीं लपवून ते हुंगून शोधावयास लावावें. नाकाच्या व डोक्याच्या कामानें जनावर लवकर शांत होतें. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ एवढे हुकूम रोज दहा मिनिटें घोटून घ्यावे. ओढ्याच्या उथळ डोहांत पोहणें हाही उत्तम व्यायाम. मात्र प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत त्यास कधीं उतरवूं नये. निसरड्या कडेवरून वर चढतां न आल्यानें तो बुडतो.

कांहीं पथ्यें पाळावीं. कुत्र्यास माणसाप्रमाणें अंगभर घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकून अंग निववितो. म्हणून उन्हाळ्यांत व्यायाम पहाटे किंवा दिवस मावळतांनाच द्यावा. खाणें होतांच पळवूं नये. खोल छातीच्या जातींत पोट फुगून त्यास पीळ पडण्याचा धोका असतो, व तो प्राणावर बेततो. थोराड जातीच्या पिलाचीं हाडें वर्ष-दीड वर्षापर्यंत पक्कीं होत नाहींत, तोंवर लांब दौड नको. मोटारसायकलीस बांधून कुत्रा पळविणें हा तर व्यायाम नव्हे, छळ होय.

ज्यास रोज तासभर देणें शक्य नाहीं, त्यानें मोठ्या जातीचा कुत्रा आणूंच नये. गांवठी कुत्रा बरा. पण एकदां आणला कीं त्याच्या भाकरीइतकीच त्याच्या पायांचीही तरतूद करणें धन्याकडे लागतें. दिवसा दमलेला कुत्रा रात्रीं कारणावांचून भुंकत नाहीं. आणि म्हणूनच तो भुंकला तर धनी कंदील घेऊन बाहेर येतो.