जमीन झाकावी लागत नाही

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर रस्त्याने सिंदखेडराजा मागे टाकून दुसरबीडकडे निघालेल्या प्रवाशाला पिकांच्या मधूनमधून जाळीची पांढरी-हिरवी घरे दिसू लागतात. सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या दोन तालुक्यांत मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बियाणे अशा शेडनेटमध्ये पिकविण्याचा उद्योग चांगलाच रुजला आहे. आणि भूमितीच्या परिभाषेत बोलायचे तर सपाट छपराचे प्रत्येक शेडनेट ही एक इष्टिकाचिती होय. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे थरावर थर देऊन रचलेली रास. इतका बोलका शब्द परिभाषेत क्वचितच सापडतो. पण मुलांना तो फोडून सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, आणि मग ते बिचारे त्याला सूत्राच्या डोक्यावरचे एक अवघड नाव समजतात.

माझ्या भाच्याच्या वहीत परवा एक उदाहरण पाहिले. त्रिकोणी चितीचा तळ ८ मीटर रुंद, तिरप्या बाजू प्रत्येकी ५ मीटर, त्रिकोणाची उंची ३ मीटर आणि चितीची लांबी १२ मीटर, पृष्ठफळ काढा. त्याने परिमिती १८ ला १२ ने गुणले, दोन टोकांच्या त्रिकोणांचे २४ मिळविले आणि २४० चौरस मीटर असे निर्दोष उत्तर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मी त्याला विचारले, ‘हे गोठ्याचे छप्पर आहे असे धर, पत्रा किती आणशील?’ ‘२४०,’ तो बेधडक म्हणाला. वस्तुतः आढ्याच्या दोन्ही अंगांची पाखी झाकायला पत्रा लागतो १२० चौरस मीटर. टोकाचे त्रिकोणही पत्र्यानेच बंद करायचे म्हटले तर १४४. छपराच्या पोटाशी असलेला ९६ चौरस मीटरचा आयत हा केवळ कल्पनेतला, तिथे पत्रा ठोकला तर गुरांच्या डोक्यावर माळाच व्हायचा. (आमच्याकडची छपरे इतकी उतरती नसतात, आणि पत्र्यावर पत्रा चढतो त्याची वाढ वेगळी धरावी लागते; तीन, चार, पाच ही मापे हिशेबाच्या सोयीची, एवढेच.)

माझी तक्रार सूत्राबद्दल नाही. सूत्र खरेच आहे आणि ते पाठ असण्यात तोटा काहीच नाही. तक्रार आहे ती सूत्राच्या आधी विचारायचा प्रश्न गाळला जातो याबद्दल: या वस्तूला खरोखर पृष्ठे किती, आणि त्यांपैकी आपल्याला हवी ती कोणती? हौदाला झाकण नसते, खोलीला रंग देणारा फरशी रंगवीत नाही, आणि शेडनेटच्या तळाशी जाळी अंथरली तर त्यातून मिरची उगवायची कशी!

शेडनेटचाच तपशील घ्या. सुमारे दहा गुंठ्यांची म्हणजे १००८ चौरस मीटरची जागा २८ मीटर रुंद व ३६ मीटर लांब घेतली आणि उंची ४ मीटर ठेवली, तर सूत्राप्रमाणे एकूण पृष्ठफळ २५२८ येते. परंतु प्रत्यक्ष जाळी लागते ती छपराची १००८ व चार भिंतींची ५१२, मिळून १५२०. आता तेवढीच जागा १२ मीटर रुंद व ८४ मीटर लांब अशी चिंचोळी घेतली, तर भिंतीच ७६८ चौरस मीटर होतात आणि जाळी १७७६ लागते. सरकारी अनुदानाचा हिशेब व्यापलेल्या जमिनीच्या चौरस मीटरवर होतो, तेव्हा दप्तरी दोन्ही इमले सारखे; दुकानदाराकडे मात्र २५६ चौरस मीटरची तफावत. शिवाय छपराची जाळी सावलीसाठी आणि भिंतींची बारीक जाळी किडींना अटकाव करण्यासाठी, म्हणजे वाण निराळे आणि दरही निराळे. तेव्हा साऱ्या पृष्ठांची एकगठ्ठा बेरीज शेतकऱ्याच्या कामाची उरतच नाही.

हा विवेक आपल्या परंपरेला अपरिचित होता असेही नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत खड्ड्यांचा, चितीचा आणि करवतीचा असे स्वतंत्र व्यवहार सांगितले आहेत. करवतीच्या व्यवहारातले एक लाकूड बुंध्याशी २० अंगुळे व शेंड्याशी १६ अंगुळे जाड आणि १०० अंगुळे लांब आहे, ते चार ठिकाणी उभे चिरायचे आहे. आणि आचार्य त्याचे बाहेरचे पृष्ठ मोजीत बसत नाहीत, तर करवत जिथून जिथून गेली ते छेद तेवढे मोजून साडेबारा हस्त हे उत्तर देतात, कारण सुताराची मजुरी त्यावर ठरायची. त्यावर आणखी पुस्ती अशी की मोल हे पदार्थाच्या मऊ-कठीणपणावर आणि कारागिरांच्या संमतीवर अवलंबून राहील. गणिताच्या ग्रंथात कारागिराच्या संमतीला जागा देणारा हा पंडित मला फार मोठा वाटतो.

‘मुलांना आधी पूर्ण पृष्ठफळ तर येऊ द्या, अपवाद मागाहून’ असा शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु सहाही पृष्ठे बंद असलेली वस्तू हाच व्यवहारातला अपवाद. खोके आणि वीट सोडली तर अशा वस्तू शोधाव्याच लागतात. म्हणून माझी सूचना माफक आहे. उत्तरपत्रिकेत सूत्र लिहिण्यापूर्वी ‘मोजावयाची पृष्ठे’ अशी एक ओळ सक्तीची करावी व तिला गुण ठेवावेत. आणि नववीच्या मुलांना एखाद्या सकाळी मोजपट्टी देऊन जवळच्या शेडनेटवर न्यावे. प्रश्न एकच घालावा: जागा २८ बाय ३६ मीटर, उंची ४ मीटर, छपराची जाळी किती, भिंतींची किती, आणि दुकानदाराने २५२८ चौरस मीटरचे बिल पुढे केले तर ते कोणत्या कारणाने परत पाठवाल?