हात सरावला, कान जागा आहे का?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. दहावीत असताना त्याने वसतिगृहाच्या जिन्याखाली बसून, मागून आणलेल्या जुन्या मोबाईलवर एक गाणे ध्वनिमुद्रित केले होते. तालासाठी पत्र्याची पेटी, मागे जेवणाच्या ताटांचा खणखणाट आणि मध्येच वॉर्डनची हाक, असे ते गाणे आम्ही अजून जपून ठेवले आहे. आता तो शहरातील एका स्टुडिओत संगीत संयोजनाचे आणि मिक्सिंगचे काम करतो. आठ वर्षांत शेकडो गाणी त्याच्या हाताखालून गेली आहेत. त्याने आपले नवे गाणे ऐकविले आणि विचारले, "सर, खरं सांगा. पहिलंच बरं होतं का?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. नव्या गाण्यात बोट ठेवावे असा दोष नव्हता. आवाज स्वच्छ होता, ताल पक्का होता. परंतु हे गाणे त्याचे आहे, हे त्याने सांगितले नसते तर आम्हांला ओळखू आले नसते.

त्याचा प्रश्न एकट्याचा नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज संगणकावर गाणी तयार करीत आहेत. संगीत निर्मितीचा अनुभव वाढतो तशी सर्जनशीलता वाढते की आटते, या प्रश्नाचा विचार स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वांनी मिळून करावा असे आम्हांला वाटते.

एक समजूत आरंभीच बाजूला सारली पाहिजे. प्रतिभा ही उपजत देणगी असून तंत्राने ती मरते, असे पुष्कळांना वाटते. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांला ही समजूत निरुपद्रवी वाटत नाही. हलगी, ढोलकी आणि सनई ज्यांच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजविली, त्यांच्या कौशल्याला "हातचे काम" म्हटले गेले आणि कलावंत ही पदवी दुसऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. हातांना येणारे शहाणपण कमी दर्जाचे मानण्याची ही सवय आपण तरी पुढे चालवू नये.

ए. आर. रहमान यांचे उदाहरण पाहा. १९९२ साली 'रोजा' चित्रपटाचे संगीत आले तेव्हा जणू एक नवाच ध्वनी आकाशातून पडला असे लोकांना वाटले. त्यामागची वर्षे फार थोड्यांनी पाहिली होती. वडील आर. के. शेखर हे मल्याळम चित्रपटांचे संगीतकार. रहमान नऊ वर्षांचे असताना ते वारले आणि वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन घर चालवावे लागले. लहान वयातच ते इतर संगीतकारांकडे की-बोर्ड वाजवू लागले. पुढे जाहिरातींची गाणी केली. १९८९ साली चेन्नईत घराच्या आवारातच त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. जाहिरातीत अर्ध्या मिनिटात श्रोत्याचा कान पकडावा लागतो. तेथे कोणता ध्वनी ठेवावा यापेक्षा कोणता गाळावा, हे आधी शिकावे लागते. 'रोजा'तील नवेपणा हा या सरावाला आलेले फळ होता, असे आमचे मत आहे. यंत्र हाताळण्यात ज्याची शक्ती खर्च होते, त्याला चाल ऐकायला उसंत मिळत नाही. हात सरावला की मन मोकळे होते. अनुभवाचा हा पहिला आणि मोठा लाभ.

दुसरे उदाहरण दूरच्या जमैका बेटावरचे. किंग्स्टन शहरातील ऑस्बोर्न रडक हा माणूस रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून पोट भरी. जग त्याला किंग टबी या नावाने ओळखते. तो गायक नव्हता, वादक म्हणूनही त्याची ओळख नव्हती. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याने आपल्या लहानशा स्टुडिओत तयार गाण्यांवर वेगळेच काम आरंभिले. गायकाचा आवाज मध्येच काढून घ्यायचा, ड्रम आणि बेस उघडे ठेवायचे, एखाद्या शब्दाचा प्रतिध्वनी लांबवर घुमू द्यायचा. त्यातून 'डब' नावाची संगीतपद्धती रुजली आणि तिचे पडसाद पुढे जगभरच्या नृत्यसंगीतात उमटले. यंत्र कोठे काय करते हे त्याला ठाऊक होते, कारण ते उघडून दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले होते. ज्याला आपण मेकॅनिक म्हणून दारात उभे करतो, त्याने मिक्सरचेच वाद्य केले.

मग आमच्या विद्यार्थ्याचे काय चुकले? त्याच्यापाशीही अनुभव होताच.

येथे अनुभवाची दुसरी बाजू दिसते. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग सांगण्याजोगे आहेत. तीन भांड्यांनी ठरावीक पाणी मोजण्याची उदाहरणे त्याने लोकांना दिली. पहिली काही उदाहरणे एकाच लांबलचक रीतीने सुटत. त्यानंतरची उदाहरणे दोनच भांड्यांत, अगदी सोप्या रीतीने सुटण्याजोगी होती. ज्यांना लांब रीतीचा सराव झाला होता, त्यांपैकी पुष्कळजण तीच रीत चालवीत राहिले. ज्यांना सराव नव्हता त्यांना सोपी वाट सहज दिसली. सराव माणसाला वेगवान करतो, तसाच तो झापडेही लावतो. लुचिन्सने काही जणांना कागदावर "आंधळे होऊ नका" अशा अर्थाची सूचना स्वतःच्या हाताने लिहावयास लावली, तेव्हा त्यांतील काहींची झापडे दूर झाली. म्हणजे हा दोष अटळ नाही.

मोठमोठ्या अनुभवी संगीतकारांनाही ही भीती वाटते. ब्रायन इनो या इंग्रज संगीत निर्मात्याने पीटर श्मिट या चित्रकारासह १९७५ साली पत्त्यांचा एक संच काढला. काम अडले की एक पत्ता उचलायचा आणि त्यावरील अनपेक्षित सूचना पाळून पाहायची. डेव्हिड बोवीच्या १९७९ सालच्या अल्बममधील एका गाण्यासाठी तर वादकांची वाद्येच बदलली गेली. गिटारवादक ड्रमवर बसला आणि ड्रमवादकाने बेस घेतला. सरावलेल्या हातांना मुद्दाम अनोळखी ठिकाणी नेण्याचा हा उपाय होता.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही त्याच्या कामाचा दिनक्रम विचारला. मार्च-एप्रिलमध्ये जयंतीच्या गाण्यांची झुंबड उडते. एका दिवसात तीन-चार गाणी पुरी करावी लागतात. येणारा प्रत्येकजण म्हणतो, "गेल्या वर्षी गाजलं तसंच करून द्या." मग तोच तयार लूप, तीच धडधड, तोच यंत्राने सरळ केलेला आवाज. शब्द तेवढे बदलतात. दोष त्याच्या प्रतिभेचा नाही आणि यंत्राचाही नाही. आठ वर्षे त्याला नवा प्रश्नच कोणी घातला नाही. आणि तो न घालणाऱ्यांत आपणही आहोत. मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावून छाती हादरविणारा आवाज आपणच मागतो. जलशांतून आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींच्या गाण्यांतून आपल्याकडे विचार पोहोचला, कारण शब्द ऐकू येत होता. आज तो शब्द ऐकू येतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

पोटासाठी केलेल्या कामाला आम्ही नावे ठेवीत नाही. रहमान यांनीही जाहिराती केल्याच. आमचे म्हणणे एवढेच, की पोटाच्या कामाशेजारी ज्यात हात चुकू शकतो असे एक तरी काम प्रत्येक निर्मात्याने चालू ठेवावे. चुकण्याची सोय नसलेला अनुभव माणसाला कुशल करतो आणि तेथेच थांबवितो.

शाळेपुढे आमची एक सूचना आहे. ग्रंथालयाशेजारची अडगळीची खोली रिकामी करून तेथे एक संगणक, एक चांगला माइक आणि दोन हेडफोन ठेवावेत. मुलांनी पहिले सत्र तयार लूप न वापरता काढावे. पहाटेचा पंप, स्वयंपाकघरातील पोळपाट, आजीची ओवी, दिमडीची थाप हे ध्वनी स्वतः टिपावेत आणि त्यांतून गाणे बांधावे. प्रत्येक गाण्यातून एक तरी ट्रॅक काढून ते पुन्हा ऐकावे. तयार गाणे करणाऱ्याचे नाव न सांगता सभागृहात वाजवावे आणि शब्द कळला का, एवढेच आधी विचारावे.

पालकांना विनंती, की हेडफोन लावून बसलेला मुलगा किंवा मुलगी वेळ वाया घालवीत आहे असे लगेच ठरवू नये. हे काम गणिताइतकीच एकाग्रता मागते. या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक आठवडा शाळेला द्यावा. मुलांना हात मिळेल आणि मुलांच्या अडाणी प्रश्नांनी त्यांचे स्वतःचे कान पुन्हा उघडतील.

त्या विद्यार्थ्याला आम्ही अखेर उत्तर दिले, की पहिले गाणे बरे नव्हते, पण त्यात तू होतास. आता तुझ्यापाशी हात आहे, पुन्हा त्या जिन्याखाली जा. तो हसला. उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस येईन, असे त्याने कबूल केले आहे. खोलीतील अडगळ आम्ही काढून घेतली आहे, माइक मात्र अजून यावयाचा आहे.