‘महाग’ कोणासाठी, हेही छापा

संपादक महोदय,


सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. लगेच मथळ्यांत तेल ‘भडकले’, फोडणी ‘महागली’, ऐन सणासुदीत गृहिणींचे बजेट ‘कोलमडले’. त्याच हंगामात विदर्भातल्या बाजार समित्यांत सोयाबीन आधारभूत किमतीच्या, म्हणजे क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या, बरेच खाली विकले जात होते. शुल्क वाढवण्याचे एक कारण हेच पडलेले भाव होते. पण बातमी वाचणाऱ्याच्या मनात तेल महागल्याचेच राहिले, कारण भडकणे, कोलमडणे हे सगळे जोरकस शब्द तेलाच्या वाट्याला आले होते. सोयाबीनच्या वाट्याला बाजारभावाच्या चौकटीतला एक आकडा आला.

माझी तक्रार या शब्दांबद्दल आहे. सोने वर गेले की सोन्याला ‘झळाळी’ येते. शेअर बाजार वर गेला की तो ‘उसळी’ घेतो. तूर वर गेली की मात्र ती ‘कडाडते’ आणि कांदा ‘रडवतो’. आणि हाच शेतमाल खाली आला की मथळा येतो, ‘ग्राहकांना दिलासा’. २०२४ मध्ये तुरीला दहा हजारांच्या वर भाव होता, तेव्हा डाळीच्या महागाईवर रकानेच्या रकाने भरून आले. २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर बाजारात येताच भाव ७,५५० रुपयांच्या आधारभूत किमतीखाली गेले, तेव्हा बिनशुल्क आयात चालूच होती. डाळ उतरल्याचा दिलासा ज्याला मिळाला तो ग्राहक, आणि ज्याच्या घरात तूर पडून होती तो कास्तकार. दोघेही आपलेच वाचक आहेत.

महाग आणि स्वस्त हे विकत घेणाऱ्याचे शब्द आहेत. तेजी आणि मंदी हे व्यापाऱ्याचे. पिकवणाऱ्याचेही शब्द मराठीत भरपूर आहेत: भाव सुधारला, भाव निघाला, भाव पडला, माल मातीमोल गेला, पडत्या भावात द्यावा लागला. ते आपल्या पानांवर शेतकऱ्याच्या तोंडी अवतरणात तेवढे येतात. बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात येतो तो ‘महाग’, जणू तो शब्द कोणाचाच नाही.

आमच्याकडे बियाण्याची थैली आणली की शेजारी विचारतो, “केवढ्याले आनली?” बाजारात माल विकून आलेल्याला तोच शेजारी विचारतो, “काय भाव लागला?” थैलीची किंमत छापलेली असते. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, २०२५-२६ साठी ती ९०१ रुपये होती. खताच्या पोत्यावर, फवारणीच्या डब्यावर किंमत छापून येते. कास्तकाराच्या पोत्यावर काही छापलेले नसते. त्याच्या मालाला भाव ‘लागतो’, तो लावणारा दुसराच असतो.

हर्रासाच्या वेळी ढिगापाशी उभे राहून पाहावे. खरेदीदार सोयाबीनमध्ये कोपरापर्यंत हात घालतो, आतून मूठभर दाणे काढतो, तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली धरतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर वाटला, डागी दाणा दिसला, की बोली तिथूनच खाली सुरू होते. दोनचार मिनिटांत ढीग सुटतो आणि सगळे पुढच्या ढिगाकडे जातात. मागे राहिलेल्या माणसाच्या हातात थोड्या वेळाने पट्टी येते: वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी चुकाऱ्याची रक्कम. कांद्या-भाजीपाल्याच्या बाजारात कधी वाहतूक आणि कटौती वजा जाता शेतकऱ्याकडेच पैसे निघतात, त्याला ‘उलटी पट्टी’ म्हणतात. हा शब्द शहरातल्या किती वाचकांना ठाऊक असेल?

बाजार समिती रोज तीन आकडे देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. बातमीच्या मथळ्यात बहुतेक वेळा कमाल दर जातो, जो निवडक मालालाच मिळालेला असतो. वाचणाऱ्याला वाटते, सगळ्या तालुक्याला तोच भाव मिळाला. ‘हमीभाव’ या शब्दाचेही तसेच. सरकारी नाव आहे ‘किमान आधारभूत किंमत’. किमान म्हणजे त्याखाली जाऊ नये ती पातळी. पण खासगी व्यापाऱ्याने त्या भावात माल घेतलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि सरकारी खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजवंताचा माल विकून झालेला असतो. तरी आपण लिहितो ‘हमी’.

‘उत्पादन खर्च’ हा तर याहून निसरडा शब्द. सोयाबीनची तेव्हाची ४,८९२ रुपयांची आधारभूत किंमत आली ती ३,२६१ रुपये खर्चाच्या दीडपटीने. या खर्चात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी धरली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज त्यात नाही. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाची शिफारस लावून धरणारे ज्या सर्वंकष खर्चावर दीडपट मागतात, तो ‘सी-२’ खर्च वेगळा. दोन्ही बाजू ‘खर्चाच्या दीडपट’ हेच शब्द वापरतात आणि बातमीत कोणता खर्च ते सांगितलेले नसते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून ‘रास्त भाव’ हे शब्द सतत पुढे ठेवले, कारण रास्त म्हटले की हिशेब मांडावाच लागतो.

कोणी म्हणेल, मजुरालाही डाळ विकत घ्यावी लागते, त्याच्यासाठी महाग ते महागच. मान्य. शेतमजुराची बाजू लपवा असे मी म्हणत नाही. पण अंजनगाव-दर्यापूर भागात त्याची मजुरीही कापूस, तूर, संत्रा, पानमळा आणि पानपिंपरीच्या भावावरच उभी आहे. भाव पडला की पुढच्या वर्षी निंदणाला बोलावणारेच कमी होतात. दिलाशाची बातमी त्याच्यासाठीही अर्धीच आहे.

म्हणून विनंती अशी की शेतमाल ‘महागला’ किंवा ‘स्वस्त झाला’ असे छापताना त्याच बातमीत त्या दिवसाचा सर्वसाधारण दर आणि चालू हंगामाची आधारभूत किंमत द्यावी. भाव आधारभूत किमतीच्या खाली असेल तर मथळ्यात ‘दिलासा’ लिहू नये. उत्पादन खर्चाचा उल्लेख आला तर तो कोणत्या हिशेबाचा, हे एका ओळीत सांगावे. जिल्हा पुरवणीतल्या बाजारभावाच्या चौकटीत एका रकान्याची जागा सहज निघेल. येत्या कापूस हंगामापासून ही पद्धत सुरू करता येईल का, याचे उत्तर आपण याच सदरात द्यावे.

आपला,
एक कास्तकार वाचक
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती